पंधरावी काठी

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, की तुमच्या खांद्यावर एक जड, खोल पिशवी आहे, तिच्यात गोल्फच्या काठ्या आहेत, आणि तुमच्यासमोर तुमचा धाकटा भाऊ उभा आहे. वर्षातली शेवटची स्पर्धा चालू आहे. भाऊ नीट खेळला, तर पुढचं सबंध वर्ष त्याला मोठ्या टूरवर, म्हणजे वर्षभराच्या मोठ्या स्पर्धांत, देशातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंबरोबर खेळायला मिळणार. नाही तर त्याचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, जाणार. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या पलीकडे त्याची लहानगी मुलगी टाचा उंच करून बघते आहे. भाऊ मागे न बघता नुसता हात पुढे करतो, तुम्ही काठी काढायला पिशवीत हात घालता... आणि खूप खाली, जिथे काहीच असायला नको, तिथे तुमच्या बोटांना एक चिमुकली मूठ लागते. लहान मुलाच्या हातात बसेल एवढी!

उघडा डोळे. आत्ता तुमच्या छातीत जसं धस्स झालं ना, अगदी तसंच त्या सकाळी वेंडल प्रुइटच्या छातीत झालं होतं.

गोल्फमध्ये एक नियम आहे. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. एक जरी जास्त निघाली, मग ती वापरलेली असो वा नसो, तरी दर होलमागे, म्हणजे चेंडू घालायच्या दर खड्ड्यामागे, दोन फटक्यांचा दंड होतो, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. काठ्या मोजायचं काम पिशवी वाहणाऱ्याचं, म्हणजे कॅडीचं. वेंडलनं खेळ सुरू व्हायच्या आधी त्या मोजल्या होत्या, रोजच मोजायचा. पण मोजून झाल्यावर क्लेटनची, म्हणजे त्याच्या भावाची, मुलगी हॅटी बाबांना पापा द्यायला आली होती, पिशवीला बिलगून उभी राहिली होती, आणि जाताना काकाकडे बघून ओठ घट्ट मिटून हसली होती. त्या हसण्याचा अर्थ वेंडलला आता, दुसऱ्या होलच्या अर्ध्यावर उभं असताना कळला!

त्यानं वाकून पिशवीत बघितलं. हॅटीची छोटी पटर, म्हणजे चेंडू हळूच ढकलायची काठी, होती ती, तिच्या वाढदिवसाला त्यानंच कापून लहान करून दिलेली. आणि दांड्यावर तिच्या केसांची पिवळी रिबन बांधलेली होती... बाबांना नशीब लाभावं म्हणून! सात वर्षांच्या पोरीनं आपल्याजवळची सगळ्यात लाडकी वस्तू बापाला देऊन टाकली होती, आणि तीच आता बापाच्या मुळावर येणार होती.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नसतो. पण प्रुइटांच्या घरात एक गोष्ट जेवणाच्या टेबलाशी बसायला शिकायच्या आधी शिकवली जायची, की आपला दंड आपणच सांगायचा. तेव्हा गप्प बसायचा विचार वेंडलच्या मनात आलाच नाही. विचार आला तो दुसराच. त्यानं पिशवीत हात घालून रिबन सोडवली, मुठीत चुरगळून खिशात कोंबली, आणि मग ती काठी बाहेर काढली.

"क्लेट," तो हळू आवाजात म्हणाला, "फटका मारू नकोस. थांब. पंधरा आहेत."

क्लेटननं वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"ही हॅटीची ना? ही इथे कशी?"

"सकाळी आम्ही दोघं सरावाच्या हिरवळीवर खेळत होतो. माझ्या हातात राहिली असणार, मीच टाकली आत. मोजायचं राहून गेलं रे."

"राहून गेलं?" क्लेटन म्हणाला. "वेंडल, तुझं एकच तर काम आहे!"

वेंडलनं मान खाली घातली. अधिकारी आले, त्यांनी वहीत नोंद केली, दोन्ही होलचे मिळून चार फटके क्लेटनच्या नावावर चढले. तो त्या दिवशी फार सुंदर खेळला, मुलांनो, जन्मात खेळला नव्हता तसा खेळला. आणि तरीही संध्याकाळी यादी लागली तेव्हा त्याचं नाव कार्ड राहणाऱ्यांच्या रेघेच्या खाली होतं. तो दंड नसता, तर ते रेघेच्या वर असतं. हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

गाड्या उभ्या करायच्या जागी क्लेटननं आपली पटर गुडघ्यावर आपटून मोडली. मग शांतपणे म्हणाला, "तू घरी जा, वेंडल. पुढच्या वर्षी मी दुसरा माणूस बघतो."

"बरं," वेंडल म्हणाला.

"एवढंच? बरं? दुसरं काही बोलायचं नाही तुला?"

वेंडलनं गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर हॅटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तोंड उघडं, एक वेणी सुटलेली...

"नाही," तो म्हणाला.

तुम्ही विचाराल, का असं केलं त्यानं? खरं सांगितलं असतं तर क्लेटननं काय पोरीला मारलं असतं? छे! बोटसुद्धा लावलं नसतं. पण एक गोष्ट वेंडलनं स्वतः सोसली होती, जी क्लेटननं नुसती ऐकली होती. कारण ती घडली तेव्हा क्लेटन पाळण्यात होता. त्यांचे वडील एकदा राज्याच्या मोठ्या स्पर्धेत खेळत होते. आठ वर्षांचा वेंडल पुढे पळाला, गवतात चेंडू दिसला, कुणाचा तरी हरवलेला म्हणून आनंदानं उचलून खिशात टाकला. तो वडिलांचाच होता! चेंडू मिळेना, दंड झाला, संधी गेली. वडील रागावले नाहीत. उलट हसले. आणि पुढे आयुष्यभर, घरी कुणी पाहुणा आला, की गोड चहाचा पेला हातात घेऊन वेंडलकडे बघत ती गोष्ट हसत हसत सांगत राहिले... "माझं नशीब ना, या पठ्ठ्यानं खिशात घातलं!" पाहुणे खो खो हसायचे. वेंडलही हसायचा. आणि प्रत्येक वेळी नकळत आपला खिसा चाचपायचा. मोठा झाला, भावापेक्षा सरस खेळायला लागला, तरी महत्त्वाचा फटका हमखास चुकायचा. शेवटी त्यानं स्वतः खेळणं सोडलं आणि भावाची पिशवी उचलली. ती नजर, ते हसू हॅटीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं त्या दुसऱ्या होलवर ठरवलं होतं. ठरवायला त्याला श्वासभरही वेळ लागला नाही.

तो गावी परत आला. गावच्या नऊ होलच्या मैदानावर गवत कापायला लागला. तांबडी माती, कॉटनवुडची झाडं आणि दिवसभर कानात शिरणारा वारा. क्लेटन छोट्या टूरवर खेळत गावोगाव हिंडत होता, नवे नवे कॅडी घेत होता, सोडत होता. त्याचं घर शेजारच्याच गावात, पण थँक्सगिव्हिंगच्या सणाला वेंडल गेला नाही आणि त्याला कुणी बोलावलंही नाही. क्लेटनची बायको नोरा दुसऱ्या दिवशी भाजलेल्या टर्कीचा आणि पीकनच्या गोड पाईचा डबा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"तुम्ही दोघं म्हणजे ना," ती म्हणाली, "एकाच झाडाचे ओंडके. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकता येत नाही."

"हॅटी कशी आहे?"

"उंच झालीय. तुझी आठवण काढते. पण क्लेटसमोर नाही काढत. एकदा तिनं त्या छोट्या पटरचं विचारलं होतं, तर मीच तिला गप्प केलं. बाबांसमोर त्या काठीचं नाव काढू नकोस म्हटलं. उगाच त्याच्या जखमेवर मीठ नको."

वेंडलनं डबा हातात घेतला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि आत जाऊन उभ्या उभ्याच जेवला.

अशी तीन वर्षं गेली.

मग एका जूनमध्ये लहान मुलांच्या स्पर्धा त्याच मैदानावर ठरल्या. वेंडल पहाटेपासून कामाला लागला होता. पहिल्या होलवर स्पर्धेची व्यवस्था बघणाऱ्या ओपलबाई टेबल मांडून बसल्या होत्या. वय झालेलं, डोक्यावर ताटाएवढी हॅट, आणि आवाज असा, की शेवटच्या होलवरच्या माणसानंही सरळ उभं राहावं.

"वेंडल! पाण्याची टाकी सावलीत ठेव. पोरांना काय उकडून काढायचंय?"

"ठेवतो, बाई."

"आणि दाढी कर जरा. तुला बघून पोरं परत गेली तर?"

तो हसला आणि टाकी उचलून वळला, तोच त्याला क्लेटनची गाडी दिसली. हॅटीची ही पहिलीच स्पर्धा, आणि तिला नोरा घेऊन येईल असं वेंडलला वाटलं होतं. आज नोराची दवाखान्यात कामाची पाळी असणार. क्लेटन उतरला, भावाला बघितलं, टोपीच्या कडेला दोन बोटं लावली, आणि दूर कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. ओळख नसलेल्या माणसालाही त्या गावात एवढा नमस्कार मिळतोच! वेंडल टाकीचा नळ उगाचच पुसत बसला.

हॅटी आपली पिशवी घेऊन टेबलापाशी आली. दहा वर्षांची झाली होती. पाय लांब, गुडघे खरचटलेले.

"नाव?"

"हॅटी प्रुइट."

"क्लेटनची का गं तू? बापासारखीच हनुवटी आहे. चल, पिशवी आडवी कर. काठ्या मोजून दाखव."

"माझ्या आठच आहेत, बाई."

"आठ असोत नाही तर अठरा, मोजायच्या म्हणजे मोजायच्या. चौदाच्या वर एक जरी निघाली ना, तरी दंड. मग ती तुझी असो, तुझ्या भावाची असो, नाही तर कुणी गंमत म्हणून टाकलेली असो. न वापरलेली सुद्धा धरतात. कितीतरी चांगल्या खेळाडूंची वाट लागलीय त्यापायी..." बोलता बोलता ओपलबाईंना काहीतरी आठवलं, त्यांनी कुंपणाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "असू दे. मोज."

हॅटी मोजायला लागली. मधेच तिचा हात थांबला.

वेंडल टाकीपाशी होता. त्यानं तिचा चेहरा बघितला, आणि त्याला कळलं. एखाद्या घरात एकामागून एक दिवे लागत जावेत, तसं त्या लहानग्या तोंडावर सगळं उजळत गेलं... ती सकाळ, बाबांची पिशवी, आईचं गप्प करणं, काकाचं न येणं. पोरगी सरळ त्याच्याकडे चालत आली.

"वेंडलकाका, बाबांच्या पिशवीत जास्तीची काठी निघाली होती. ती माझी होती?"

"पाणी पी आधी. ऊन किती आहे."

"माझी होती का?"

"हॅटी, तुझा नंबर येईल आता. पुढे दोनच गट आहेत."

"मी टाकली होती ती. तुम्ही नव्हती टाकली! मग सगळे तुमची चूक, तुमची चूक का म्हणतात?"

वेंडल तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "ऐक माझं. झालं ते झालं. तू लहान होतीस, आणि जे केलंस ते मायेनं केलंस. मी ते माझ्या अंगावर घेतलं, मला ते जड नाही. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. आपल्या दोघांत राहू दे."

"पण तो दंड माझा होता."

"बाळ, बाबांना त्रास होईल..."

"तुम्हीच शिकवलंत ना मला?" तिचे डोळे काठोकाठ भरले होते, पण आवाज मोडला नाही. "ज्याचा दंड त्यानं सांगायचा. दुसऱ्यानं तो घ्यायचा नसतो. घेतला तर तोही खोटेपणाच होतो. मग तुम्ही माझा का घेतलात, काका?"

तीन वर्षं वेंडलनं एक मोठं ओझं वाहिलं होतं, अभिमानानं वाहिलं होतं म्हणा हवं तर, आणि या मुलीनं एका वाक्यात त्याला दाखवून दिलं होतं, की ते त्याचं नव्हतंच! तो तिला थांबवायला उठेपर्यंत ती कुंपणाच्या अर्ध्या वाटेवर पोचली होती.

ती बापाला काय म्हणाली ते वाऱ्यानं त्याच्या कानापर्यंत येऊ दिलं नाही. त्याला फक्त दिसत होतं. क्लेटन आधी हसत होता, मग वाकला, मग त्यानं काहीतरी विचारलं. हॅटीनं आपल्या वेणीला हात लावून दाखवला, आणि बोटांनी हवेत गाठ बांधून दाखवली. क्लेटन सरळ उभा राहिला. वेंडलचा हात नकळत खिशाकडे गेला. आता हा तिच्याकडे कसा बघेल? त्या एका नजरेसाठीच तर सगळं केलं होतं... देवा, तेवढी नजर चुकव!

क्लेटननं हॅटीकडे बघितलं. बराच वेळ. मग त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भांगावर ओठ टेकले. तिला तिथेच उभी करून तो मैदान ओलांडून भावाकडे आला.

"ती म्हणते रिबन होती," क्लेटन म्हणाला. "दांड्याला बांधलेली. तू काठी बाहेर काढलीस तेव्हा रिबन नव्हती, वेंडल."

"नव्हती."

"काय केलंस तिचं?"

"त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. ठेवून काय करणार होतो?"

"तीन वर्षं..." क्लेटनचा आवाज घोगरा झाला. "तीन वर्षं मी तुला शिव्या घातल्या. येईल त्या कॅडीला सांगितलं, की माझ्या सख्ख्या भावानं माझं वाटोळं केलं. हसत सांगायचो, म्हणजे समोरचाही हसायचा. आणि तू गवत कापत बसलास! मला एकदा सांगायचं होतंस. मी काय राक्षस आहे? मी तिला काही बोललो असतो?"

"नसतास बोललास," वेंडल म्हणाला. "बाबाही मला कधी बोलले नव्हते."

चेंडू खिशात घातल्याची गोष्ट क्लेटननं लहानपणी शंभरदा ऐकली होती, पोट धरधरून हसला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्या गोष्टीतला आठ वर्षांचा मुलगा दिसला, पाहुण्यांबरोबर हसणारा. त्यानं टोपी काढली. काय करावं न सुचून ती हातात फिरवत राहिला.

"म्हणूनच का तू खेळणं सोडलंस?"

"गवत कापायला आवडतं मला."

"वेंडल!"

"हो रे. म्हणूनच."

मग मात्र क्लेटनला आवरलं नाही. एवढा उंचपुरा गडी, भावाच्या घामट खांद्यावर कपाळ टेकवून, आवाज न करता रडला. आणि वेंडल त्याच्या पाठीवर हळूहळू थापट्या मारत राहिला, लहानपणी क्लेटनला खोकल्याची उबळ आली की मारायचा तशा.

"पुरे," थोड्या वेळानं वेंडल म्हणाला. "ओपलबाई बघताहेत. गावभर करतील."

"करू देत." क्लेटननं बाहीला नाक पुसलं. "रविवारी जेवायला ये. नोरा चिकन तळणार आहे. आणि सप्टेंबरात पात्रता स्पर्धा आहेत. त्यात चांगला खेळलो तर कार्ड परत मिळेल. माझ्याकडे माणूस नाही. विचारायला मला तोंड नाही, पण..."

"माझ्यासारख्या माणसाला मोजता तरी येतं का, विचार आधी."

क्लेटन रडता रडता हसला. वेंडलही हसला, आणि या खेपेला त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

"हॅटी प्रुइट!" ओपलबाईंचा आवाज मैदानभर घुमला. "हॅटी प्रुइट, पहिल्या होलवर!"

दोघं भाऊ दचकून वळले. पोरगी आधीच जागेवर पोचली होती. एकटीच चालत गेली होती ती, गाल ओले, पिशवी खांद्यावर. तिला हाक मारावी, जवळ घ्यावं, असं वेंडलला फार वाटलं. पण स्पर्धेत मोठ्या माणसांनी दोराच्या आत जायचं नसतं. दोघं दोरापाशी जाऊन खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

हॅटीनं चेंडू लाकडी खुंटीवर ठेवला. दोन पावलं मागे गेली, पुढे आली, श्वास घेतला. काठी वर नेली आणि जीव खाऊन फिरवली... सूंऽऽ! काठी चेंडूच्या वरून निघून गेली. चेंडू खुंटीवर जसाच्या तसा, सकाळच्या उन्हात पांढरा शुभ्र. आणि गोल्फमध्ये चेंडू हुकला, तरी मारायला फिरवलेली काठी म्हणजे एक फटका धरतात.

रांगेतली मुलं फिसकन हसली. ओपलबाईंनी हॅट मागे सारली, पोरीच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि त्यांचा तो मोठा आवाज एकाएकी अगदी मऊ झाला.

"तो सरावाचा होता ना गं, बाळ? नुसती हात मोकळे करत होतीस."

मुलांनो, इथे तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? मान हलवून हो म्हटलं असतं, तर कुणीसुद्धा विचारायला येणार नव्हतं. वेंडल दोर घट्ट धरून बघत होता.

हॅटीनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"नाही, बाई," ती म्हणाली. "मारायचाच होता. लिहा एक."

आणि तिनं पुन्हा काठी धरली.